इंद्रायणींत बुडविलेलीं खतें

संपत्तीचा त्याग करणाऱ्या पुरुषांच्या कथा आपल्याकडे विपुल आहेत. राज्य सोडून वनांत जाणारे राजे आणि भरलें घर टाकून तीर्थाची वाट धरणारे सावकार कीर्तनांतून व पुराणांतून घरोघरीं परिचित झालेले आहेत. या कथांत सोडणाराकडेच सर्वांचें लक्ष असतें. त्यानें सोडलेल्या वस्तूचें पुढें काय झालें, तिच्यावर आणखी कोणाचा हक्क होता, घरांत मागें राहिलेल्या माणसांनीं दिवस कसे काढले, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत देहू येथील एका वाण्यानें जो त्याग केला, त्याच्या हकीकतींत मात्र या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें सांपडतात. तुकोबांनीं आपल्या सावकारीचीं खतें इंद्रायणीच्या डोहांत बुडविलीं, तीच ही हकीकत.

तुकोबांचें घराणें मोरे वाण्यांचें. देहूच्या पेठेची महाजनकी त्यांच्याकडे वंशपरंपरेनें चालत आली होती. घरीं दुकान होतें, शेती होती आणि देवघेवीचा व्यवहारही होता. वडील बोल्होबा यांना तीन पुत्र. थोरले सावजी, मधले तुकोबा आणि धाकटे कान्होबा. सावजींचा ओढा प्रथमपासून विरक्तीकडे असल्यामुळें प्रपंचाचा भार तरुणपणींच तुकोबांवर पडला. पुढें आईवडील निवर्तले, सावजींची पत्नी वारली आणि ते तीर्थयात्रेस निघून गेले. तोंपर्यंत घराची स्थिति चांगली होती. पण एवढ्यांत दुष्काळ आला.

इ. स. १६२९ पासून पुढें दोन-तीन वर्षें दक्षिणेंत आणि गुजराथेंत पावसानें दगा दिला. शहाजहान बादशहाचा तळ त्या वेळीं बऱ्हाणपुरास होता. तेथें दर सोमवारीं ५,००० रुपये याप्रमाणें २० आठवड्यांत एक लाख रुपये गरिबांना वांटल्याची नोंद त्याच्या दरबारच्या इतिहासांत आहे. बऱ्हाणपूर देहूपासून फार दूर होतें. शिवाय त्याच सुमारास विजापूरच्या फौजेनें पुणें उद्ध्वस्त केलें, त्यामुळें या मुलुखांत अस्मानी आणि सुलतानी हीं दोन्ही संकटें एकदम कोसळलीं. तुकोबांची प्रथम पत्नी रखमाबाई अन्न अन्न करीत मरण पावली, मुलगा संतू गेला, गुरेंढोरें गेलीं, दुकानाचें दिवाळें वाजलें. हें सारें त्यांनीं स्वतःच आपल्या अभंगांत सांगितलें आहे, आणि तें सांगतांना या आपत्तींबद्दल देवाचे आभार मानले आहेत. संसाराचा पाश त्यामुळेंच तुटला, अशी त्यांची समजूत होती.

दिवाळें निघालें तरी एक वस्तु घरांत शिल्लक होती. बोल्होबांच्या वेळेपासून लोकांना दिलेल्या कर्जाचीं खतें कागदोपत्रीं सुरक्षित होतीं. दुष्काळांत धान्य संपतें आणि जनावर मरतें, पण खताला उपवास घडत नाहीं. कुळाच्या घरांत दाणा नसला तरी व्याज चढतच राहतें. खेड्यांत धान्याचें कर्ज वाढीदिढीनें देण्याची चाल होती. पेरणीला नेलेल्या एका मणाचा सुगीला दीड मण परत करावा लागे. व्याजानें मुद्दलापलीकडे जाऊं नये, असा दामदुपटीचा नियम शास्त्रानें घातला होता. पण त्याच शास्त्रानें बापाचें ऋण फेडण्याचा भार मुलावर ठेवलेला होता. त्यामुळें कर्ज घेणारा दुष्काळांत मेला तरी खत जिवंतच राही. अवर्षणानंतरच्या पहिल्या चांगल्या पिकाची वाट शेतकऱ्याइतक्याच उत्सुकतेनें सावकारही पाहत असे, याचें कारण हेंच. तुकोबांना धंदा पुन्हा उभा करावयाचा असता, तर हीं खतें हेंच त्यांचें भांडवल ठरलें असतें.

पुढील प्रसंग महीपतींनीं १७७४ सालीं लिहिलेल्या ‘भक्तलीलामृत’ ग्रंथांत वर्णिला आहे. प्रसंग आणि ग्रंथ यांच्यामध्यें सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लोटला असल्यामुळें त्यांतील संभाषणें शब्दशः खरीं मानण्याचें कारण नाहीं. परंतु परंपरेनें जपलेला त्याचा गाभा विचार करण्याजोगा आहे. तुकोबा भामचंद्र डोंगरावर जाऊन एकांतांत बसले होते. कान्होबा त्यांना शोधीत तेथें गेले आणि दोघे बंधु इंद्रायणीच्या कांठीं आले. तेथें तुकोबांनीं खतें मागविलीं आणि तीं सर्वच नदींत टाकण्याचा विचार बोलून दाखविला. कान्होबांनीं हरकत घेतली. वडील बंधु साधु होणार असले तरी आपल्याला मुलाबाळांचें पोट भरावयाचें आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. तेव्हां खतांचे दोन समान वांटे करण्यांत आले. अर्धीं कान्होबांनीं घेतलीं. उरलेलीं अर्धीं तुकोबांनीं डोहांत सोडून दिलीं.

या प्रसंगांतील वांटणीकडे चरित्रकारांचें लक्ष जितकें जावयास हवें तितकें जात नाहीं. खतें वडिलार्जित होतीं, म्हणजे दोघां भावांच्या समाईक मालकीचीं होतीं. विरक्तीच्या भरांत तुकोबांनीं तीं सर्व बुडविलीं असतीं, तर लोकांनीं त्यांची वाहवाच केली असती. पण त्या पुण्याची अर्धी किंमत कान्होबांच्या मुलांनीं भरली असती. त्यांनीं तसें केलें नाहीं. आपल्या वांट्याचें काय तें प्रथम ठरविलें आणि तेवढ्याचाच त्याग केला. उरलेल्या अर्ध्या खतांवर वसुली करण्याचा कान्होबांचा हक्क अबाधित राहिला, आणि त्याबद्दल तुकोबांनीं भावाला दोष दिल्याचेंही महीपति सांगत नाहींत. त्यागाचा प्रारंभ असा चोख हिशेबानें झाला, याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. अखेर तो वाण्याच्या घरचा मुलगा होता.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. सोनें नदींत टाकलें तर तें कोणाच्याच उपयोगी पडत नाहीं. खत बुडालें कीं कुळ मोकळें होतें. तुकोबांनीं टाकून दिलें तें दुसऱ्याच्या श्रमावरचें आपलें स्वामित्व. बऱ्हाणपुरास वांटलेल्या लाख रुपयांनीं अनेकांची भूक कांहीं दिवस भागली असेल; पण इंद्रायणीच्या कांठच्या कुळाला पुढच्या सुगीचें धान्य स्वतःच्या घरांत भरतां आलें. दान घेणाराला देणाराचा उपकार स्मरावा लागतो. येथें उपकाराचा कागदच उरला नव्हता.

तथापि या साधेपणाची किंमत तुकोबांच्या घरांतही कोणाला तरी द्यावी लागलीच. द्वितीय पत्नी जिजाबाई ही पुण्याच्या आप्पाजी गुळवे यांची मुलगी, खात्यापित्या घरांत वाढलेली. कीर्तनकारांनीं तिला कजाग ठरवून श्रोत्यांना हंसविलें आहे. पण पति भंडारा डोंगरावर नामस्मरणांत रमला असतां घरीं मुलांच्या पानांत काय वाढावें, ही विवंचना तिचीच होती. स्वतःच्या जबाबदारीवर कर्ज काढून तिनें एकदां पतीला व्यापाराला भांडवल करून दिलें आणि तेंही त्यांनीं वाटेंत एका अडलेल्या माणसाला देऊन टाकलें, अशी कथा आहे. कान्होबांना वांटणी मागतां आली. जिजाबाईला तशी सोय नव्हती. तिचा त्रागा हा या हकीकतीचा दुसरा भाग आहे, आणि तो वगळला तर हिशेब अपुरा राहतो. तुकोबांच्या बाजूनें इतकेंच म्हणतां येईल कीं, त्यांनीं भगवीं वस्त्रें धारण केलीं नाहींत कीं घर कायमचें सोडलें नाहीं. ते देहूंतच राहिले, विठ्ठलाचें मोडकळीस आलेलें देऊळ त्यांनीं सावरलें, आणि १६४९-५० च्या सुमारास त्यांचें जीवन संपेपर्यंत दारिद्र्याचा वांटा घरच्यांबरोबर स्वतःही उचलला.

त्याच पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं १२ मे १८७५ रोजीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांना मुख्यतः हवीं होतीं तीं खतें. हातीं आलेल्या कागदांची त्यांनीं होळी केली, आणि हें लोण पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरलें. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. एका कागदांत माणसाचें किती आयुष्य अडकून पडतें, हें त्या होळ्यांच्या उजेडांत राज्यकर्त्यांना दिसलें. तुकोबांना तें अडीच शतकांपूर्वीं दिसलें होतें, आणि तेंही सावकाराच्या गादीवर बसलेले असतां.

साधी राहणी म्हणजे घरांतील चार वस्तु कमी करणें, असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु माणसाची मालमत्ता त्याच्या कोठींत असते त्याहून अधिक त्याच्या वहींत असते. कोणाकडून काय येणें आहे, याची ती वही. भांडींकुंडीं काढून टाकणें सोपें आहे, ही वही मिटणें कठीण. देहूच्या वाण्यानें ती मिटली. मात्र मिटण्यापूर्वीं तींतील भावाचीं पानें त्यानें त्याच्या स्वाधीन केलीं होतीं.