मोफत आणि मुक्त : शिक्षकांच्या ऑनलाइन साधनांचा थोडा इतिहास

'फुकट' या शब्दाला मराठीत फारसा मान नाही. फारसीतून आपल्याकडे आलेला 'मोफत' त्यापेक्षा बरा. सरकारी कागदोपत्री तोच चालतो. परंतु वर्गात शिकविण्यासाठी जे साहित्य आज इंटरनेटवरून पैसे न देता मिळते, त्याचा इतिहास पाहू लागले की या शब्दाशेजारी आणखी एक शब्द ठेवावा लागतो, तो 'मुक्त'. जे पैसे मागत नाही ते मोफत. ज्याची प्रत काढून ठेवता येते, जे आपल्या भाषेत आणता येते आणि देणाऱ्याने दुकान बंद केले तरी जे आपल्या कपाटात राहते, ते मुक्त. हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत असे आपण धरून चाललो, आणि त्याची किंमत अनेक शिक्षकांना मोजावी लागली आहे.

प्रारंभ तसा जुना आहे. 4 जुलै 1971 रोजी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट या तरुणाने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकलिखित केला आणि ज्याला हवा त्याने तो घ्यावा, अशी सोय केली. 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' या मोफत ग्रंथसंग्रहाचा तो पहिला ग्रंथ. त्या काळी संगणक ज्यांच्या आवाक्यात होता अशी माणसे मूठभर होती, त्यामुळे शाळामास्तरांना या गोष्टीचा पत्ताही नव्हता.

खरी कलाटणी मिळाली ती 2001 साली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या नामांकित संस्थेने इंटरनेटद्वारे शिकवून उत्पन्न कसे मिळवावे याचा विचार करण्यासाठी प्राध्यापकांची एक समिती नेमली होती. समितीने हिशेब मांडला आणि उलटीच शिफारस केली, की सर्व अभ्यासक्रम जगाला मोफत देऊन टाकावेत! एप्रिल 2001 मध्ये तशी घोषणा झाली, पुढील वर्षी पहिले पन्नास अभ्यासक्रम आले आणि 2007 पर्यंत त्यांची संख्या सुमारे 1,800 झाली. 2002 च्या जुलैत युनेस्कोच्या पॅरिस येथील बैठकीत अशा साहित्याला 'मुक्त शैक्षणिक संसाधने' हे नाव मिळाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'क्रिएटिव्ह कॉमन्स'चे परवाने जाहीर झाले. माझे लिखाण घ्या, वाटा, भाषांतर करा, फक्त माझे नाव राहू द्या, असे लेखकाला कायद्याच्या भाषेत म्हणता येऊ लागले. वकिलांचे हे काम रूक्ष खरे, पण पुढचे सारे त्यावरच उभे आहे.

आता एका शास्त्रज्ञाची हकीकत ऐका. आपले सत्येंद्रनाथ बोस आणि आइन्स्टाइन यांनी 1924-25 च्या सुमारास द्रव्याच्या ज्या विलक्षण अवस्थेचे गणित मांडले, ती प्रत्यक्षात आणल्याबद्दल 2001 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले. त्यातील कार्ल वीमन यांनी आपल्या पारितोषिकाच्या रकमेतील काही भाग शाळा-कॉलेजच्या विज्ञानशिक्षणाकडे वळविला आणि 2002 साली कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. हे पडद्यावरचे प्रयोग. मुलाने बॅटरी, तार आणि दिवा जोडावा. मंडल पूर्ण झाले की दिवा लागतो आणि तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन डोळ्यांना दिसतात. विद्युतदाब भलताच वाढविला तर पडद्यावर ज्वाळा निघतात, पण बोट भाजत नाही! ज्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे कुलूपबंद कपाट, तेथे हा आधार किती मोठा, हे शिक्षकाला वेगळे सांगावयास नको. हे प्रयोग उतरवून घेता येतात व इंटरनेट नसतानाही चालतात. त्यांतील पुष्कळ मराठीतही आहेत.

पण यातील अनेक प्रयोग 'फ्लॅश' नावाच्या तंत्रावर चालत. ते तंत्र अडोबी या कंपनीचे. तिने 31 डिसेंबर 2020 रोजी त्याचा आधार काढून घेतला आणि काही दिवसांतच फ्लॅशवर बांधलेले जगभरचे शैक्षणिक खेळ, चलत्चित्रे, चाचण्या उघडेनाशा झाल्या. तो काळ कोणता, ते आठवा. शाळांना कुलपे होती, मुले घरी होती आणि शिक्षकांचा सारा भार पडद्यावर होता. 'फेट'ने आपले बरेचसे प्रयोग आधीच नव्या, खुल्या तंत्रात उतरविले होते, म्हणून ते वाचले. ज्या साहित्याला कोणी वाली नव्हता, त्यातले पुष्कळ गेले.

दुसरे उदाहरण 'एडमोडो'चे. 2008 साली अमेरिकेत सुरू झालेला हा वर्गाचा ऑनलाइन फळा अनेक देशांतील शिक्षकांनी आपला मानला. गृहपाठ, गुण, सूचना, सारे तेथेच. 22 सप्टेंबर 2022 रोजी तो बंद झाला. गूगलचा 'जॅमबोर्ड' हा लिहिण्याचा फळाही 31 डिसेंबर 2024 ला मिटला. कंपन्यांना दोष देण्यात अर्थ नाही. व्यापाऱ्याने उन्हाळ्यात दारात रांजण ठेवला, तो पावसाळ्यापूर्वी उचलला, तर तक्रार कोणाकडे करावयाची? मात्र पाणपोई वेगळी आणि गावची विहीर वेगळी, हे घागर भरणाऱ्याने ओळखले पाहिजे.

कधी कधी विहीरही विकली जाते. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्याने पदव्युत्तर प्रबंधासाठी 2001-02 मध्ये 'जिओजेब्रा' रचले. त्रिकोणाचा शिरोबिंदू कोठेही ओढा, तिन्ही कोनांची बेरीज 180 अंशच राहते, हे मूल स्वतःच्या बोटाने पाहते. जगभरच्या गणितशिक्षकांनी त्यासाठी फुकट भाषांतरे केली, हजारो आकृत्या करून दिल्या. 2021 च्या डिसेंबरात भारतातील बायजूज या कंपनीने ते विकत घेतल्याचे जाहीर झाले आणि 2024 च्या जुलैत या कंपनीवरच दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. जिओजेब्रा वर्गात आजही मोफत वापरता येते. पण शिक्षकांच्या श्रमातून वाढलेली वस्तू मालकाच्या ताळेबंदात कशी जाऊन बसते, ते यातून दिसते.

आपल्याकडचा इतिहास काही अंशी निराळा आहे, आणि तो संगणकापासून सुरूही होत नाही. कानपूर आयआयटीचे पदवीधर अरविंद गुप्ता पुण्यात टेल्कोत नोकरीस होते. 1978 साली रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञानशिक्षण कार्यक्रमात गेले. तेथे काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून त्यांनी भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. पुढे पुण्याच्या 'आयुका'तील मुलांच्या विज्ञानकेंद्रात काम करताना त्यांनी टाकाऊतून खेळणी कशी करावीत याची चित्रे, चित्रफिती आणि पुस्तके आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवली. त्यांत मराठी पुस्तकेही भरपूर आहेत. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या साधनाची गंमत अशी, की ते एकदा पाहून घेतले की इंटरनेटची गरजच उरत नाही. माझ्या मते खेड्यातील शाळेला यापेक्षा उपयोगाचे ऑनलाइन साधन दुसरे नाही.

सरकारी पातळीवर 5 सप्टेंबर 2017 रोजी 'दीक्षा' सुरू झाले आणि बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोडचे चौकोन उमटले. पुस्तकात असे कोड घालण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी आधीच केला होता. कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी धडे त्यांच्या भाषेत आणले. 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला आणि दहा लाख डॉलरची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली.

बालभारतीची पुस्तके मराठीप्रमाणे उर्दूतही संकेतस्थळावरून मोफत उतरविता येतात, ही सोय मोठीच. पण पुस्तकाचे पहिले पान उलटून पाहा. सर्व हक्क मंडळाकडे, लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग घेता येणार नाही. म्हणजे मोफत आहे, मुक्त नाही. उर्दू माध्यमाच्या शिक्षकांची अडचण याहून दुहेरी आहे. उर्दू मजकूर बराच काळ इंटरनेटवर चित्राच्या रूपानेच टाकला जाई. त्यात ना शब्द शोधता येई, ना एखादे वाक्य उचलून प्रश्नपत्रिकेत घेता येई. आता युनिकोडमुळे मोबाईलवरही उर्दू मजकूर सहज उमटतो, तो अडसर उरला नाही. उणीव आहे ती मजकुराची.

'फेट'च्या प्रयोगांत चित्र वेगळे आणि शब्द वेगळे ठेवलेले आहेत. परवानगी मागून कोणाही शिक्षकाला ते शब्द आपल्या भाषेत भरता येतात: बॅटरी, तार, प्रवाह, रोध. एका प्रयोगातले शब्द फार नसतात. विज्ञानाचा एक शिक्षक आणि भाषेचा एक, असे दोघे शाळा सुटल्यावर संगणकापुढे बसले, तर काही संध्याकाळींचे ते काम आहे.