मार्कडाउनमध्ये टेबल का दिसत नाही? हे सेटिंग आधीपासूनच चालू हवं

मे महिना म्हणजे आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत तेंदूपत्त्याचा हंगाम. 70 पानांचा एक पुडा, 1000 पुड्यांची एक प्रमाण गोणी, असा हिशेब चालतो. मजुरी पुड्यांवरच ठरते. मागच्या हंगामात एका गावासाठी मी हा हिशेब मोबाईलवर मार्कडाउनमध्ये लिहिला. नमुना बघा:

| दिवस | पुडे |
|---|---|
| सोमवार | 180 |
| मंगळवार | 210 |

माझ्या ॲपमध्ये मस्त टेबल दिसलं. गावाच्या पेजवर टाकलं, तर सगळ्या ओळी एकमेकींना चिकटल्या! एका काकूंनी विचारलं, "यातले माझे मंगळवारचे पुडे कोणते बाप्पा?" मलाही पटकन सांगता येईना.

असं का होतं?

जॉन ग्रुबर यांनी 2004 मध्ये मार्कडाउन आणलं, तेव्हा त्यात टेबलची सोय नव्हती. कॉमनमार्क या प्रमाणित नियमावलीतही ती नाही. गिटहबने आपल्या मार्कडाउनमध्ये ती दिली. आता मार्कडाउनचं वेब पेज बनवणारी लायब्ररी कोणाचे नियम पाळते, त्यावर सगळं अवलंबून. 'मार्कडाउन-इट' आणि 'मार्क्ड' यांत टेबल आधीपासून चालू असतं. 'पायथन-मार्कडाउन'मध्ये 'टेबल्स' हे एक्स्टेन्शन जोडावं लागतं, 'रिॲक्ट-मार्कडाउन'मध्ये 'रिमार्क-जीएफएम' हे प्लगइन.

मग डिफॉल्ट काय असावं?

माझ्या मते चालूच. साध्या मजकुरातल्या उभ्या रेघेचं चुकून टेबल होईल, अशी भीती काहींना वाटते. पण हेडिंगखाली डॅशची ओळ असल्याशिवाय टेबल बनतच नाही, त्यामुळे असं क्वचितच होतं. उलट सेटिंग बंद असेल, तर वाचणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. काकू काय कोड बदलणार?

टेबल बिघडलं तर हे तपासा

1. मराठी कीबोर्डवरचा दंड (।) आणि टेबलची उभी रेघ (|) ही दोन वेगळी अक्षरं आहेत. दंड वापरला तर टेबल बनणार नाही.
2. टेबलच्या आधी एक ओळ रिकामी सोडा.
3. जिथे लोक वाचणार, त्याच पेजवर उघडून बघा.
4. तरीही जमलं नाही, तर पेज सांभाळणाऱ्याला टेबल चालू करायला सांगा.

आमच्या पेजवर शेवटी कोडमध्ये एक शब्द वाढवावा लागला. दुसऱ्या दिवशी काकूंनी आपला आकडा स्वतःच शोधला.