तीन रंगांची पेटी

आजच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर १ कोटी ६७ लाख रंग मिळतात. तरी जुनी कॉमिक्स आठवली की डोळ्यांसमोर येतात ते मोजून तीन-चार. याचं कारण आपल्या आठवणीत नाही, छापखान्यात आहे.

अनंत पै यांनी १९६७ मध्ये मुंबईत 'अमर चित्र कथा' सुरू केली. पैशांची ओढाताण होती, त्यामुळे सुरुवातीच्या अंकांत पिवळा, निळा आणि हिरवा एवढ्यावरच भागवलं होतं. छपाईत प्रत्येक शाईला वेगळी प्लेट लागते. शाई वाचली की खर्च वाचला, सरळ हिशोब.

आता गंमत बघा. कृष्णाच्या गोष्टीला ही पेटी चपखल: कृष्ण निळा, पीतांबर पिवळा, वृंदावन हिरवं. पण जळणारी लंका? रक्त? कुंकू? लाल नसेल तर राग आणि भीती दाखवायला चित्रकाराच्या हातात उरते काळी रेघ, गडद सावली, नाहीतर अख्खी चौकट निळ्यात बुडवणं. पुढे अंक पूर्ण रंगीत झाले आणि ही अडचण संपली.

वेताळाचं उदाहरण तर याहून मजेशीर. ली फॉकच्या मनात त्याचा पोशाख राखाडी होता. १९३६ ची वर्तमानपत्रातली पट्टी काळी-पांढरी, त्यामुळे प्रश्नच आला नाही. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पानं निघाली आणि गडी जांभळा झाला! इटलीत तो लाल, स्कँडिनेव्हियात निळा. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' काढलं, मराठीतही काढलं, आणि आपल्याकडे जांभळाच रुळला. दौंड जंक्शनचा स्टॉल असो की शिरूरचा एस्टी स्टँड, तो जांभळा रंग लांबूनच ओळखू यायचा. खरं तर हिरव्या जंगलात जांभळे कपडे घालून कोण लपणार? पण कागदावर त्या दोन रंगांनीच गूढ वातावरण तयार व्हायचं.

थोडक्यात काय, रंग कमी असले की प्रत्येक रंगाला अर्थ चिकटतो. पण इथेच एक मेख आहे. 'अमर चित्र कथा'वर पुढे टीका झाली ती याच मुद्द्यावर: देव आणि नायक गोरे, राक्षस काळेसावळे. तिथे शाईची टंचाई नव्हती, निवड होती. जांभळा म्हणजे वेताळ हे पोरं शिकली, तशीच काळा म्हणजे वाईट हेही शिकली असणार. आपल्यासारख्या सावळ्या मुलखात हे जरा जास्तच बोचतं.

असो. माळ्यावर जुने अंक असतील तर रद्दीत घालू नका. एकदा कथा बाजूला ठेवून नुसते रंग बघा. कुठला रंग नाइलाजाने आलाय आणि कुठला कोणीतरी मुद्दाम निवडलाय, ते ओळखायला मजा येते... आणि थोडा विचारही करावा लागतो.