दामाजीचे कोठार, विठू महार आणि विजेच्या स्कूटरचे अनुदान

सरकारी कोठारातून माल कुणाच्या नावावर निघाला, पोचला कुणाकडे आणि हिशेब कुणाच्या डोक्यावर बसला, हा प्रश्न मंगळवेढ्याला नवा नाही. दुष्काळात दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाचे धान्य रयतेला लुटवले आणि त्याची रक्कम विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात दरबारी भरली, ही कथा इथे लहान पोरही सांगते. कीर्तनकारांना त्यात भक्तीचा महिमा दिसतो. मला गावगाडा दिसतो. देवाला महारच का व्हावे लागले? कारण सरकारी भरणा पोचवणे हे महाराचे काम. कोठाराची किल्ली पंतांकडे, ओझे महाराकडे. याच गावाच्या कुसवाची भिंत कोसळून चोखोबा आणि सोबतचे मजूर गाडले गेले.

बिदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्कांची सनद दिली, असेही परंपरा सांगते. कुणी ती विठू महाराशी जोडतात, कुणी अमृतनाकाशी. पण हे 'हक्क' कसले? मेलेले ढोर, खळ्यावरचे बलुते. बदल्यात रात्रंदिवस राबणूक. हा सौदा मोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनाचे बिल मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा झाला 1958 साली, त्यांच्या पश्चात.

हा इतिहास आज उकरण्याचे कारण म्हणजे विजेवरच्या दुचाकींच्या अनुदानाचा वाद. केंद्राची 'फेम-2' योजना 1 एप्रिल 2019 पासून सुरू झाली, तरतूद 10,000 कोटींची. जून 2021 मध्ये दुचाकीचे अनुदान बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागे 15,000 रुपये झाले, किमतीच्या 40 टक्क्यांपर्यंत. पद्धत अशी, की कंपनीने ग्राहकाला किंमत आधी कमी करून द्यायची आणि तेवढी रक्कम नंतर सरकारकडून घ्यायची. अट एकच महत्त्वाची : ठरलेले सुटे भाग देशात बनलेले हवेत.

पुढे तक्रारी आल्या, की भाग बाहेरून, मुख्यतः चीनमधून येतात. अवजड उद्योग मंत्रालयाने 2023 मध्ये सात कंपन्यांकडे सुमारे 469 कोटी परत मागितले. काहींनी भरले, काही दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. 2024 मध्ये गंभीर घोटाळा तपास कार्यालयाने हिरो इलेक्ट्रिक, बेनलिंग आणि ओकिनावा यांच्या ठिकाणांवर झडती घेतली. 297 कोटींचे अनुदान लबाडीने उचलल्याचा आरोप आहे. त्याच डिसेंबरात हिरो इलेक्ट्रिक दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आता वसुली कुणाकडून?

कंपन्यांचा एक युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. सवलत आम्ही ग्राहकाला आधीच दिली, मग आता खिशातून का भरायची? पण याच युक्तिवादाचे पुढचे पाऊल पाहा. जुलै 2023 मध्ये या कंपन्यांनी मंत्रालयाला विचारले, की जादा दिलेली सवलत ग्राहकांकडूनच परत मागता येईल का? म्हणजे सुटे भाग कुठून आणायचे ते कंपनीने ठरवायचे, तपासायचे सरकारी यंत्रणेने, आणि भरणा मात्र पुन्हा विठूने करायचा! सुट्या भागांचे कागद ना ज्याने पाहिले, ना ज्याला कुणी दाखवले, त्या हप्त्यावर स्कूटर घेणाऱ्याने.

आपल्या वस्तीत सरकारी अनुदानाचे वाहन म्हणजे बहुधा बचत गटाचा मिनी ट्रॅक्टर. सामाजिक न्याय विभागाची ही योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध गटांसाठी आहे : साडेतीन लाखांच्या मर्यादेत 90 टक्के अनुदान, 10 टक्के गटाचे. पस्तीस हजार जमवताना मजुरी करणाऱ्या बायांची काय दमछाक होते, ते गटाच्या बैठकीला बसल्याशिवाय कळत नाही. शिवाय जातीचे दाखले, ठराव, बँकेचे खाते, सगळे आधी. एक कागद कमी पडला तर अर्ज मागे येतो, आणि त्याविरुद्ध उच्च न्यायालयात कोण जाणार? कंपन्यांना सुनावणी मिळते हे योग्यच आहे. नैसर्गिक न्याय सर्वांना हवा. मग लाभार्थी म्हणून नोंदवलेल्या माणसालाही अर्ज फेटाळण्याआधी लेखी कारण आणि सुनावणी द्या. आणि फेमच्या वसुलीत ग्राहकाकडे एक पैसाही मागितला जाणार नाही, असे मंत्रालयाने लेखी जाहीर करावे.