सव्वाशे वर्षांची संस्था आणि हँडलवरचा आकडा

१४ एप्रिल १९०० रोजी फ्रान्स, बेल्जियम, इटली, स्वित्झर्लंड आणि अमेरिका या पाच देशांच्या सायकल संघटना पॅरिसमध्ये एकत्र आल्या आणि आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघ स्थापन झाला. जग त्याला फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून युसीआय म्हणतं. त्याआधी काही वर्षं अशीच एक आंतरराष्ट्रीय संघटना कारभार पाहत होती. ब्रिटनने एकच संघ उतरवायचा की इंग्लंड, स्कॉटलंड असे वेगवेगळे, या वादात ती मोडली आणि तिच्या जागी ही उभी राहिली. भांडण प्रतिनिधित्वाचं होतं, यंत्राचं नव्हतं. यंत्राशी संस्थेची गाठ पुढे पडली, आणि पडली ती आजही सुटलेली नाही.

पहिली मोठी गाठ १९३३ सालची. तासाचा विक्रम हा सायकलिंगमधला सगळ्यात सरळ हिशेब. ट्रॅकवर एकट्याने तासभर सायकल चालवायची आणि किती अंतर कापलं ते मोजायचं. ऑस्कर एग या स्विस स्वाराचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम १९१४ पासून कोणाला मोडता आला नव्हता. ७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फोर या फारसं नाव नसलेल्या फ्रेंच स्वाराने ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं. पण फोर सायकलवर नेहमीसारखा बसलेला नव्हता, पाठ टेकून जवळजवळ आडवा झालेला होता. शार्ल मोशे यांनी बनवलेल्या ‘वेलोकार’वर पाय पुढे पसरून पॅडल मारायचे, त्यामुळे वारा अंगावर कमी यायचा. विक्रम मानायचा की नाही यावर खल झाला आणि १९३४ मध्ये महासंघाने शर्यतीची सायकल कशी असावी हेच नियमात लिहून टाकलं. आडवी सायकल बाद झाली. त्या निर्णयाने आडव्या सायकलींची प्रगती कित्येक दशकं खुंटली असं मानणारे बरेच आहेत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. तरी संस्थेसमोरचा प्रश्न रास्तच होता. आपण मोजतोय ते माणसाचं बळ की यंत्राची करामत?

हाच प्रश्न साठ वर्षांनी पुन्हा दारात आला. एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम केला होता. १९८४ मध्ये फ्रान्सेस्को मोझरने त्याच शहरात, भरीव चाकांच्या सायकलवर, ५१.१५१ पर्यंत मजल मारली. मग आला स्कॉटलंडचा ग्रॅम ओब्री. त्याने स्वतः घडवलेल्या सायकलमध्ये वॉशिंग मशीनमधून काढलेली बेअरिंग होती आणि तो हात छातीखाली दुमडून ती चालवायचा. जुलै १९९३ मध्ये नॉर्वेतल्या हामारला त्याने ५१.५९६ किलोमीटर केले. सहाच दिवसांनी बोर्दोमध्ये ख्रिस बोर्डमनने तो विक्रम मोडला. १९९४ च्या जागतिक स्पर्धेत ओब्रीची बैठक बाद ठरवली गेली, तीही ऐन शर्यतीच्या तोंडावर. त्याने हात पुढे लांबवून दुसरी बैठक शोधली, आणि पुढे तिच्यावरही बंदी आली.

या धावपळीतून ऑक्टोबर १९९६ मध्ये लुगानोची सनद तयार झाली. माणूस आधी, यंत्र नंतर, हे तत्त्व संस्थेने तिच्यात मांडलं. २००० मध्ये तर तासाच्या विक्रमाचं घड्याळ मागे फिरवून मर्क्सच्या आकड्यापासून नव्याने मोजणी सुरू केली. बोर्डमनने मर्क्ससारख्याच साध्या सायकलवर ४९.४४१ किलोमीटर काढले, म्हणजे फक्त १० मीटर जास्त. अठ्ठावीस वर्षांच्या फरकाने दोन माणसांची तुलना इतकी जवळून झाल्याचं दुसरं उदाहरण मला या खेळात माहीत नाही. २०१४ मध्ये संस्थेने नियम पुन्हा सैल केला आणि आधुनिक ट्रॅक सायकलींना मुभा दिली. २०२२ मध्ये फिलिप्पो गान्नाने ग्रेंखेनला ५६.७९२ किलोमीटर केले. दहा मीटरचा तो हिशेब मात्र मागेच पडला.

हे सगळं घडत असताना दुसरं एक उपकरण गाजावाजा न होता क्रँकमध्ये, म्हणजे पॅडलच्या दांड्यात, येऊन बसलं होतं. १९८६ मध्ये उलरिख शोबेरर या जर्मन अभियंत्याने पहिला कामाचा पॉवर मीटर तयार केला. पॅडलवर जोर पडला की क्रँकचा धातू डोळ्यांना दिसणार नाही इतका किंचित वाकतो. त्यावर चिकटवलेल्या पातळ पट्ट्यांचा विद्युतरोध त्याबरोबर बदलतो. त्यातून पिळाचं बळ कळतं, त्याला फिरण्याच्या वेगाने गुणलं की वॅट निघतात. नाडीचे ठोके उशिरा चढतात, उन्हाने, अपुऱ्या झोपेने बदलतात. वॅट त्याच क्षणी कळतात आणि घाट असो की सपाटी, वारा समोरून असो की पाठून, केलेलं काम जसंच्या तसं सांगतात. ग्रेग लेमाँडने हे उपकरण लवकर जवळ केलं, नंतर सगळ्यांनीच केलं. सरावासाठी यापेक्षा मोठी देणगी सायकलिंगला मिळालेली नाही, असं मी मानतो.

पेच शर्यतीतला आहे. लांब चढावर प्रत्येक स्वाराची एक मर्यादा असते. तिच्या खाली तो तासभर टिकतो, ती ओलांडली की काही मिनिटांत पाय बोलायला लागतात. दूध उतू जायच्या बेतात आलं की आच कमी करावी, तशी ही मर्यादा पूर्वी स्वाराला श्वासावरून, मांड्यांतल्या जळजळीवरून ओळखावी लागायची. समोरचा निसटला तर मागे जायचं की थांबायचं, हे त्या अंदाजावर ठरायचं. अंदाज चुकला की स्वार पुढच्या वळणावर गळपटायचा. आता हँडलवरच्या पडद्यावर आकडा असतो. समोरचा साडेसहा वॅट प्रतिकिलोने सुटला, आपली मर्यादा सहा आहे, तर जाऊ द्या, येईल तो परत. बहुतेक वेळा तो खरंच परत येतो.

२०१५ च्या टूर द फ्रान्समध्ये हा आकडा घराघरांत पोहोचला. ला पिएर-सँ-मार्तँच्या चढावर ख्रिस फ्रूमने सगळ्यांना मागे टाकलं. फ्रेंच टीव्हीवर एका तज्ज्ञाने अंदाज बांधला, ७.०४ वॅट प्रतिकिलो. संशयाचा धुरळा उडाला. विश्रांतीच्या दिवशी त्याच्या स्काय संघाने स्वतःची नोंद उघड केली. चढावर सरासरी ४१४ वॅट, नाडी १५८, आणि दुरुस्ती करून ५.७८ वॅट प्रतिकिलो. दुरुस्ती का, तर फ्रूमचं पुढचं दातेरी चाक पूर्ण गोल नव्हतं आणि अशा चाकावर मीटर सुमारे सहा टक्के जास्त दाखवतो. एकाच चढाच्या आकड्यांत एवढी तफावत पडू शकते, हे आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्याने आणि आकड्यावरून आरोप करणाऱ्यानेही लक्षात ठेवायला हवं.

पुढच्या वर्षी स्वार नैरो किंताना यांनी शर्यतीत पॉवर मीटर नको असं जाहीरपणे सांगितलं. अल्बेर्तो काँतादोर यांचंही तेच मत होतं. २०१८ मध्ये टूरचे संचालक क्रिस्तियाँ प्रुदोम यांनी बंदीची मागणी केली. महासंघाचे अध्यक्ष दाविद लापार्तियाँ यांनाही या उपकरणांबद्दल शंका होत्या. चर्चा झाल्या, पण पॉवर मीटर आजही शर्यतीत चालतो.

बंदीच्या विरोधकांचा मुद्दा कच्चा नाही. तादेय पोगाचार हा स्वार याच मीटरच्या जमान्यातला. २०२४ मध्ये इटलीतल्या स्त्रादे बियांके या शर्यतीत तो सुमारे ८१ किलोमीटर एकटा पुढे गेला, त्याच वर्षी झुरिकच्या जागतिक स्पर्धेत तर शंभर किलोमीटर बाकी असताना सुटला. आकड्याने धाडस मरतं म्हणणाऱ्यांना ही दोन उत्तरं पुरेशी आहेत. माझा आक्षेप वेगळा आहे. सगळ्यांत ताकदवान माणसाला आकडा अडवत नाहीच. तो अडवतो दुसऱ्या, पाचव्या, विसाव्या स्वाराला, ज्याला एरवी एखाद्या दिवशी आपल्या शरीरावर जुगार खेळून बघता आला असता. आपल्यात किती शिल्लक आहे याचा अंदाज घेणं हे या खेळातलं कौशल्य आहे, उतारावर वळण घेण्याइतकंच. ते काम पडद्यावर सोपवलं तर शर्यतीतली एक परीक्षाच रद्द होते.

स्वाराचा अंदाज दुसऱ्यावर सोपवणारं आणखी एक साधन म्हणजे संघाच्या सूचना ऐकवणारा कानातला रेडिओ. त्याबाबत संस्थेने एकदा हिंमत केली होती. १४ जुलै २००९ रोजी टूरचा दहावा टप्पा रेडिओविना झाला. संघ नाराज होते, सगळा ताफा रमतगमत गेला आणि दुसऱ्या एका टप्प्यासाठी ठरलेली रेडिओबंदी मागे घ्यावी लागली. मोठ्या शर्यतींत रेडिओ राहिला. जागतिक आणि ऑलिंपिक शर्यतींत मात्र तो नाही, आणि त्या शर्यती पाहताना फरक जाणवतो.

दरम्यान महासंघ स्वतःच मोजायला लागला होता, थेट रक्तात. लाल पेशी वाढवणाऱ्या इपीओ या औषधाच्या काळात, १९९७ मध्ये, त्याने रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाला मर्यादा घातली. पुरुषांना ५० टक्के. आकडा त्यावर गेला की स्वाराला सक्तीची विश्रांती. ५ जून १९९९ रोजी मादोन्ना दी काम्पिल्योला, जिरो ही इटलीची मोठी शर्यत जिंकायला दोन दिवस उरले असताना, मार्को पांतानीचा आकडा ५२ आला आणि तो शर्यतीबाहेर गेला. २००८ मध्ये जैविक पासपोर्ट आला. स्वाराच्या रक्ताचे आकडे वर्षानुवर्षं साठवून त्यातली संशयास्पद उसळी शोधायची ही पद्धत. या कामात महासंघ इतर खेळांच्या पुढे होता आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

या पार्श्वभूमीवर २०२१ चा निर्णय वाचायला हवा. दंडाच्या मागच्या बाजूला नाण्याएवढी चकती चिकटवायची, तिचा केसासारखा तंतू कातडीखाली जातो आणि पेशींभोवतीच्या द्रवातली साखर सतत मोजून फोनवर पाठवतो. मधुमेहींसाठी विकसित झालेलं हे तंत्र सुपरसेपियन्स नावाच्या कंपनीने खेळाडूंसाठी आणलं. पाच-सहा तासांच्या शर्यतीत पोटात वेळेवर काही गेलं नाही तर स्वार एकाएकी रिकामा होतो, त्यामुळे संघांनी ते उचलून धरलं. २०२१ च्या जूनमध्ये महासंघाने शर्यतीत त्यावर बंदी घातली. नाडी, शरीराचं तापमान, घाम मोजायला हरकत नाही. साखर, लॅक्टेट यांसारखं चयापचयाचं मोजमाप चालणार नाही.

मला ही रेष संस्थेने आखलेल्या रेषांपैकी चांगली वाटते, कारण या वेळी उपकरण सर्वत्र पसरण्याआधी नियम आला. पण ती अर्धवट आहे. भूक कधी लागणार हे सांगणारं उपकरण बाद आणि दम कधी संपणार हे सांगणारं चालू, याचं समाधानकारक कारण नियमात सापडत नाही. या बंदीचा फटका बसला अमेरिकेच्या क्रिस्टन फॉकनरला. मार्च २०२३ च्या स्त्रादे बियांकेत ती तिसरी आली. तिच्या अंगावर अशी चकती असल्याचं दिसलं आणि नंतर तिचा निकाल रद्द झाला. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकच्या रस्ता शर्यतीत, कानात रेडिओ नसताना, शेवटच्या तीन किलोमीटरांत सुटून तिने सुवर्णपदक जिंकलं.

मोजमाप कुठे संपतं आणि फायदा कुठे सुरू होतो, हे सगळ्यात स्पष्ट दिसलं कार्बन मोनॉक्साइडच्या प्रकरणात. शरीरातलं एकूण हिमोग्लोबिन मोजण्यासाठी हा वायू अगदी थोडा हुंगवतात. उंचावरच्या सरावाचा उपयोग किती झाला ते त्यावरून कळतं. मोठे संघ ही चाचणी करतात हे २०२४ च्या टूरमध्ये चर्चेत आलं. तोच वायू वारंवार घेतला तर शरीर जास्त लाल पेशी बनवू लागेल, अशीही शक्यता होती. महासंघाने वारंवार वायू घेण्यावर १० फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली, वैद्यकीय देखरेखीखालची चाचणी राहू दिली. मोजणं चालेल, मोजण्याच्या नावाखाली वाढवणं चालणार नाही. इतका नेमका नियम संस्थेने याआधी क्वचितच लिहिला आहे.

तसाच नेमकेपणा पॉवर मीटरबाबत हवा. सरसकट बंदीला माझा विरोध आहे. सायकलमध्ये लपवलेल्या मोटरीचं प्रकरण २०१६ च्या सायक्लोक्रॉस जागतिक स्पर्धेत उघडकीला आलं. अशा फसवणुकीचा माग काढायला वॅटची नोंद उपयोगी पडू शकते. ती नोंद राहिलीच पाहिजे. शर्यत चालू असताना फक्त पडदा झाकायचा.

याची सुरुवात टूरपासून करायची गरज नाही. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही पाच दिवसांची शर्यत युसीआयच्या दिनदर्शिकेवर २.२ दर्जाने (टप्प्यांच्या शर्यतींच्या खालच्या श्रेणीत) आली, म्हणजे महासंघाच्या एग्लमधल्या मुख्यालयातला नियम आता आपल्या घाटांतही लागू आहे. मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ ठरताना पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी रस्त्याकडेला उभं राहून जे पाहिलं, ते हँडलवर आकडा नसतानाचं सायकलिंग होतं. २.२ दर्जाच्या काही शर्यतींत एक हंगामभर प्रयोग करावा. वॅट, नाडी, तापमान, हवं तर साखरसुद्धा नोंदवू द्यावी, पण स्वाराला आणि संघाला ती नोंद अंतिम रेषेनंतरच दिसावी. उपकरणं पंचांनी सकाळी सील करावीत आणि संध्याकाळी उघडावीत. ती नोंद प्रसिद्ध करायची की नाही, हा हक्क संघाचा किंवा टीव्हीचा नाही, स्वाराचा असेल, हेही त्याच नियमात लिहावं.