वाडिया बंद पडणार होतं तेव्हा

आमच्या थेरगावात वाडिया म्हटलं की लोकांना पुण्याचं वाडिया कॉलेज आठवतं. मी लग्न होऊन इकडे येईपर्यंत परळला वाढले, त्यामुळे माझ्या लेखी वाडिया म्हणजे लहान मुलांचं इस्पितळ. दोन्हींच्या मागे घराणं एकच बरं का. नवरोसजी वाडियांनी १८७९ मध्ये बॉम्बे डाइंग काढली. त्यांच्या मुलांनी, सर कावसजी नव्हे हं, सर कुसरो आणि सर नेस यांनी, वडिलांच्या नावाने परळला १९२६ साली प्रसूतिगृह काढलं, आईच्या म्हणजे बाई जेरबाईंच्या नावाने १९२९ साली मुलांचं इस्पितळ, आणि १९३२ साली पुण्यातलं कॉलेज.

मुलांसाठी वेगळं इस्पितळ का लागलं? १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेच्या वर अर्भकं वर्षाच्या आत गेली, अशी सरकारी नोंद आहे. हा आकडा फुगलेला आहे, हे आधीच सांगते. गिरणगावातल्या बायका बाळंतपणाला कोकणात नाहीतर घाटावर माहेरी जायच्या. जन्माची नोंद तिकडे (झाली तर) आणि मृत्यूची इकडे. पण मोजणीतली चूक म्हणून अगदी निम्मा करून वाचला तरी दर तीन मुलांमागे एक मूल येतं. आणि मेलेल्यांत एका खोलीत राहणाऱ्यांची मुलं सर्वांत जास्त. आमचीही चाळीतली एकच खोली होती, फक्त मधे तीस-पस्तीस वर्षं गेली होती.

म्हणून ही दोन इस्पितळं निघाली ती गिरणी कामगारांच्या बायकामुलांसाठी. वाडियांनी पैसा दिला, आणि सरकार, महापालिका व वाडिया यांच्यात करार झाला. इस्पितळ चालवण्याचा बोजा सरकार आणि महापालिकेने मिळून उचलायचा. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे तिच्यावरच सगळं अडलं आणि तिच्यामुळेच सुटलं.

माझ्या धाकट्या भावाला दोन वर्षांचा असताना तापात आकडी आली. रात्रीची वेळ. आईने त्याला गोधडीत गुंडाळलं आणि चालत वाडिया गाठलं. बाबा तिसऱ्या पाळीला होते. सकाळी ते आले तेव्हा भाऊ खाटेवर बसून बिस्किट खात होता. त्या काळी आमच्या चाळीत अशी गोष्ट नसलेलं घर शोधावं लागलं असतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, गिरण्या गेल्या. हाच भाऊ पुढे कामासाठी पिंपरीला आला. लालबाग-परळची अशी किती माणसं आपल्या पट्ट्यात आली असतील! इस्पितळ मात्र तिथेच राहिलं, आणि आता तिथे मुंबईभरातून, ठाणे-पालघरकडून मुलं येतात. तिथल्या डॉक्टरांनी दोन सयामी जुळ्या बाळांना शस्त्रक्रिया करून वेगळं केलं. पेपरात फोटो आले, सगळीकडे कौतुक झालं.

आणि जानेवारी २०२० मध्ये तेच इस्पितळ बंद पडायला आलं.

कसं, ते नीट पाहण्यासारखं आहे. कोणी "मुलांची तातडीची सेवा बंद करा" असा हुकूम काढला नव्हता. अनुदानाचे पैसे थकत गेले. औषधं पुरेनात, पगारांचा प्रश्न आला, ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे गेल्या, नवीन मुलांना दाखल करणं थांबलं. विचारायला जावं तर सरकार म्हणणार महापालिका बघेल, महापालिका म्हणणार हिशोब आधी दाखवा. मुंबई महापालिकेचं त्या वर्षीचं अंदाजपत्रक तीस हजार कोटींच्या वर होतं हो!

महापालिकेची बाजूही सांगायला हवी. कर्मचारी, खाटा, खासगी विभाग, एकूण कारभार यांबद्दल तिचे आक्षेप होते. ते खोटेच होते असं मी म्हणणार नाही. सार्वजनिक पैसा जातो तिथे हिशोब मागितलाच पाहिजे, शाळेत आम्ही खडूच्या पेटीचासुद्धा देत होतो. पण हिशोबाचं भांडण चालू असताना रात्री दोनला येणाऱ्या मुलाने कुठे जायचं? ऑडिट सहा महिने चालू शकतं. जुलाबाने सुकलेलं तान्हं सहा तास थांबत नाही.

"शेजारीच केईएम आहे की," असं तेव्हा आमच्याच एका नातेवाइकांनी मला ऐकवलं. (ते हे वाचतील, वाचू देत.) केईएम मोठं आहे, चांगलं आहे, पण तिथल्या मुलांच्या खाटा काही रिकाम्या पडून नव्हत्या. आणि मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. त्याचं औषध वजनावर मोजतात, थेंबाचा फरक पडतो. शीर दोऱ्याएवढी, ती सापडायला हात सरावलेला लागतो. व्हेंटिलेटर वेगळा, नळ्या वेगळ्या, आणि चोवीस तास तेच काम करणाऱ्या नर्सेस. अशी माणसं एकदा पांगली की पैसे आले म्हणून दुसऱ्या दिवशी परत गोळा होत नाहीत.

मग लोक रस्त्यावर आले. लाल बावटा युनियनचे कर्मचारी, नर्सेस, दाखल मुलांचे आईबाप आणि गिरणगावातली जुनी माणसं गेटवर उभी राहिली. पक्षांचे लोकही आले, ते येणारच. शर्मिला ठाकरे उपमुख्यमंत्री अजित पवारांना भेटल्या. उच्च न्यायालयात जनहित याचिका होतीच. न्यायमूर्ती धर्माधिकारी आणि न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठाने सरकारला सुनावलं की पुतळ्यांसाठी पैसा असतो आणि लोकांच्या आरोग्यासाठी नसतो. महिन्याच्या मध्यापर्यंत शेहेचाळीस कोटी देण्याचं जाहीर झालं, चोवीस सरकारचे आणि बावीस महापालिकेचे.

मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते त्या जुन्या माणसांचं बोलणं. टीव्हीवर बघत होते मी. ती काही दया मागत नव्हती. हे इस्पितळ कामगारांसाठी झालं, खर्च द्यायचा करार आहे, तो पाळा, एवढंच म्हणत होती. नव्वद वर्षांपूर्वीचा कागद त्यांच्यातल्या कोणी वाचला असेल असं वाटत नाही. पण आपला हक्क आहे ही गोष्ट घराघरांत आजीकडून नातवाकडे आली होती. त्यामुळे "तो बघेल, हा बघेल" चालेना. करारात नावं दोघांची होती, दोघांना द्यावे लागले.

माझी भाची लंडनला लेविशॅम भागात राहते. तिने सांगितलेलं आठवतं. तिथल्या सरकारने त्यांच्या इस्पितळाचा तातडीचा विभाग आणि प्रसूती विभाग कमी करायचं ठरवलं, का तर शेजारचं दुसरंच इस्पितळ कर्जात होतं! जानेवारी २०१३ मध्ये हजारो लोक थंडीत मोर्चाने निघाले, बाबागाड्या घेऊन बायका निघाल्या, आणि त्याच वर्षी न्यायालयाने मंत्र्यांचा निर्णय बेकायदा ठरवला. तिथे निदान निर्णय होता, खाली मंत्र्याची सही होती, त्यामुळे रद्द करायला काहीतरी हातात होतं. आपल्याकडे न भरलेलं बिल रद्द कसं करणार? परळच्या लोकांचं काम मला म्हणूनच जास्त अवघड वाटतं.

त्या जानेवारीनंतर दोनच महिन्यांत कोविड आला. त्या पावसाळ्यात कोविडनंतर अंगभर सूज आणि ताप येणारी मुलं वाडियात दाखल होऊ लागली. देशात हा आजार तेव्हा नवा होता. इस्पितळ उघडं होतं, डॉक्टर जागेवर होते.

आपल्या पिंपरीचं वायसीएम १९८९ चं, महापालिकेनेच काढलेलं. चाकणपासून मावळापर्यंतची पोरं तिथे येतात. त्याच्यामागे वाडियांसारखा करार नाही, पालिकेचं दरवर्षीचं अंदाजपत्रक तेवढं आहे. या वर्षीचं मी नातवाकडून कॉम्प्युटरवर उघडून घेतलंय आणि वही-पेन घेऊन बसले आहे, बालरुग्णांवरचे आकडे शोधते आहे. बरीच पानं आहेत.

लालबाग-परळच्या आपल्या मंडळींपैकी कोणी तेव्हा त्या गेटवर होतं का? असाल तर लिहा. आणि कोणाच्या ट्रंकेत वाडियाचा जुना केसपेपर असेल तर टाकून देऊ नका, मला त्याचा फोटो पाठवा.