गोलंदाज, डर्बी आणि तडीपार

मुंबईत कूपरेज म्हटले की फुटबॉल आठवतो. पण ओव्हलच्या दक्षिणेकडच्या या मैदानाच्या नावात चेंडू कुठेच नाही. कूपर म्हणजे लाकडी पिंपे बांधणारा कारागीर. कंपनी सरकारच्या काळात ते काम इथे चाले, म्हणून हे कूपरेज. आपला ‘पिंप’ही पोर्तुगीज ‘पिपा’वरून आलेला. याच शहरात १८९१ साली रोव्हर्स कप सुरू झाला आणि पहिल्या वर्षी तो वूस्टरशर रेजिमेंटच्या गोऱ्या सोल्जरांनी नेला. रोव्हर्स म्हणजे भटके. १९९४-९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकणाऱ्या ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या नावातले भटके तेच.

तेव्हा इंग्लिश फुटबॉल नव्याने बघायला बसलेल्या गिरगाव-दादरच्या क्रिकेटवेड्या माणसाने शब्दांना बिचकू नये. त्यातले बरेच आपल्या ओळखीचे आहेत.

आधी व्यवहार समजून घेऊ. प्रीमियर लीग १९९२ साली सुरू झाली. क्लब २०. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्याच्या. म्हणजे ३८ सामने. जिंकल्यास ३ गुण, बरोबरीला १. ऑगस्टपासून मेपर्यंत हंगाम चालतो. आयपीएलसारखी फायनल शोधत बसू नका. शेवटी ज्याचे गुण जास्त, तो विजेता. शनिवारी दुपारी तीनचा तिकडचा सामना आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला सुरू होतो.

आता आर्सेनल. लंडनच्या वुलिच भागातल्या शस्त्रकारखान्याच्या कामगारांनी १८८६ साली हा क्लब काढला. मूळ शब्द अरबी, ‘दार अस्-सिनाआ’, कारागिरीचे घर. व्हेनिसच्या गोदीमार्गे तो युरोपभर पसरला. क्लबच्या चिन्हात तोफ आहे आणि खेळाडूंना म्हणतात गनर्स. गनरला मराठी शब्द कोणता? गोलंदाज! गोळा फेकणारा तो गोलंदाज; तिरंदाजातला ‘अंदाज’ही हाच, फारसीत फेकण्याच्या क्रियेतून आलेला. पेशव्यांच्या तोफखान्यातला हा माणूस पुढे शिवाजी पार्कवर चेंडू टाकू लागला. त्याचा मूळ धंदा आर्सेनलच्या टोपणनावात अजून शाबूत आहे.

हॅटट्रिकचा प्रवास नेमका उलटा, क्रिकेटकडून फुटबॉलकडे. १८५८ साली शेफिल्डला एच. एच. स्टीफन्सनने लागोपाठ तीन बळी घेतले, तेव्हा वर्गणी काढून त्याला हॅट दिली गेली. फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल मारले की ती हॅटट्रिक. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध ती केली नेव्हिल डिसूझा यांनी. ऑलिंपिक फुटबॉलमधली आशियाई खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक. भारत ४-२ असा जिंकला.

रेफरीला आपण पंच म्हणतो. पूर्वी इंग्लंडात दोन्ही बाजूंचा एकेक अंपायर असे. त्यांचे जुळले नाही की तंटा बाहेर बसलेल्या तिसऱ्याकडे ‘रेफर’ व्हायचा. तो रेफरी मैदानात आला १८९१ साली. आपले पंचही तंटा मिटवणारेच, पण मुळात पाच. आज मोजा: मैदानात एक, कडेच्या रेषांवर दोन, बाहेर चौथा आणि २०१९-२० पासून पडद्यासमोर बसलेला व्हीएआर. त्याचा मदतनीस सोडला तर बरोबर पाच भरतात.

डर्बी मुंबईला शिकवायला नको; दर फेब्रुवारीत ती महालक्ष्मीला धावते. अर्ल ऑफ डर्बीच्या नावाने १७८० साली एप्समला घोड्यांची शर्यत सुरू झाली. मग कोणत्याही मोठ्या चुरशीला डर्बी म्हणू लागले आणि पुढे शेजारी क्लबांच्या सामन्याला. १८९२ साली जागेच्या मालकाशी भांडून एव्हर्टनने अ‍ॅनफिल्ड सोडले आणि त्या मालकाने रिकाम्या मैदानासाठी लिव्हरपूल क्लब काढला. २०२५पर्यंत दोघांच्या मैदानांमध्ये होता तो एक स्टॅन्ली पार्क. लालबागकराला हे कळायला वेळ लागणार नाही: गणेशगल्लीचा गणपती १९२८चा, लालबागचा राजा १९३४चा, आणि मधे दोन पावलांचे अंतर.

शेवटचा शब्द रेलिगेशन. तळाचे तीन क्लब दरवर्षी खालच्या चॅम्पियनशिपमध्ये जातात आणि तिथले तीन वर येतात. वर्तमानपत्रे याला ‘पदावनती’ म्हणतात. त्याला सरकारी कचेरीतल्या मेमोचा वास येतो. रोमन कायद्यात ‘रेलेगातिओ’ ही सौम्य हद्दपारी होती. माणसाला दूर धाडायचे, पण त्याची मालमत्ता आणि नागरिकत्व राखायचे. ऑगस्टसने कवी ओव्हिडला असेच काळ्या समुद्राकाठी धाडले. मराठीत याला हुबेहूब शब्द आहे, तडीपार. तड म्हणजे काठ. काम तडीस नेतो तीही हीच. परळ-लालबागच्या माणसाला हा शब्द पोलीस चौकीच्या फळ्यावरून ठाऊक आहे. १९५१च्या पोलीस कायद्याने तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची, म्हणजे परतीची वाट उघडी. २०१५-१६चा विजेता लेस्टर सिटी २०२३ मध्ये तडीपार झाला, २०२४ मध्ये परतला आणि २०२५ मध्ये पुन्हा तडीपार झाला.

क्रीडापानांनी हॅटट्रिक आणि ऑफसाइड खुशाल तसेच ठेवावेत. ते रुळले आहेत. पदावनती मात्र कचेरीला परत करावी आणि पुढच्या मे महिन्यात मथळा द्यावा: तीन क्लब तडीपार.